पहिल्यांदा रिंगणात घोडा उतरवताना : गट आणि पेहराव कसा निवडावा

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, शहादा तालुक्यातील सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार सुरू होतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश येथून घोडे येतात आणि चेतक महोत्सवाच्या निमित्ताने चाल, नाच व देखणेपणा यांच्या स्पर्धाही होतात. नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील अनेक शेतकरी कुटुंबांत आज एखादी मारवाडी घोडी हौसेने बांधलेली असते आणि कधी ना कधी घरातले कोणी तरी म्हणतेच की, यंदा आपणही रिंगणात उतरू. तेथून जी धावपळ सुरू होते ती बहुधा उलट्या क्रमाने होते : आधी शेरवानी शिवायला टाकली जाते, मग झगमगीत साज येतो आणि घोडा नेमका कोणत्या गटात उतरवायचा हा प्रश्न नावनोंदणीच्या टेबलापुढे उभे राहिल्यावर पडतो. हा लेख त्या क्रमाची दुरुस्ती करण्यासाठी आहे. घोड्यावरून गट ठरतो आणि गटावरून पेहराव ठरतो.

१. घोड्याच्या अंगी काय आहे ते आधी पाहा

स्पर्धांचे ढोबळमानाने चार प्रकार असतात. पहिला ठेवणीचा, म्हणजे देखणेपणाचा. त्यात घोडा हाती धरून, खोगिराशिवाय दाखवतात आणि परीक्षक त्याची ठेवण, जातीची लक्षणे व चालण्यातला सरळपणा पाहतात. दुसरा चालीचा, त्यात आपल्याकडे रेवाल चालीला, म्हणजे पाठ न उसळणाऱ्या चालीला, मान. तिसरा नाचाचा. चौथ्यात उड्या, भाला मारून खुंटी उचलणे किंवा लांब पल्ल्याची दौड असे खेळ येतात. नवख्याने चौथ्याचा विचार पहिल्या वर्षी करू नये, कारण त्यासाठी घोड्याइतकीच स्वाराचीही दीर्घ तयारी लागते.

उरलेल्या तिघांतून निवड करताना मालकाचे प्रेम आड येते. म्हणून घोड्याचे चित्रीकरण मोबाइलवर करा : समोरून, मागून आणि बाजूने, एकदा कडक रस्त्यावर आणि एकदा शेताच्या मऊ बांधावर. समोरून पाहताना पुढचे पाय सरळ रेषेत पडतात की खूर आत-बाहेर फेकले जातात ते पाहा. बाजूने पाहताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो का ते पाहा. मग तेच चित्रीकरण घोड्याशी काही संबंध नसलेल्या जाणत्या माणसाला दाखवा आणि त्याचे बोलणे मुकाट्याने ऐका.

वरातीत नाचणारा घोडा देखणेपणाच्या गटात उतरवण्याचा मोह खानदेशात फार आहे. ढोल-ताशाच्या आवाजाला सरावलेला घोडा रिंगणाजवळ वाद्य वाजले की आपोआप पाय उचलू लागतो, आणि परीक्षकाला तर तो चारी पायांवर स्थिर उभा असलेला पाहायचा असतो. अशा घोड्याला नाचाचाच गट द्यावा. त्यात काही कमीपणा नाही.

२. जात आणि रंग यांची गल्लत करू नका

मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी आणि आपल्या महाराष्ट्राची भीमथडी या नोंद झालेल्या देशी जाती आहेत. मारवाडी व काठियावाडी या दोहोंचे कान आत वळून टोकाशी एकमेकांना भिडतात. काठियावाडी घोडा मात्र अंगाने थोडा आटोपशीर असतो, त्याचे कपाळ रुंद आणि चेहरा बाजूने किंचित खोलगट दिसतो. कच्छी-सिंधीचा चेहरा उलट बाहेर फुगीर असतो, कान वळलेले असूनही भिडत नाहीत आणि रेवाल चाल त्याच्या रक्तातच असते.

नुकरा ही बाजारात जात म्हणून सांगितली जाते, पण प्रत्यक्षात तो पांढऱ्या केसांचा व गुलाबी कातडीचा रंग आहे. काही ठिकाणी नुकऱ्यांचा स्वतंत्र गट ठेवतात. तसा गट असेल तर तेथेच नाव द्यावे, कारण मारवाडीच्या गटात परीक्षक आधी मारवाडीपण शोधणार. अबलख (दोन रंगांचे पट्टे असलेला), कुमैत (तपकिरी), मुश्की (काळा), पंचकल्याणी (चारही पाय व तोंड पांढरे असलेला) ही सगळी रंगांची व खुणांची नावे आहेत आणि त्यांनी गट ठरत नाही. अंगावरचे केसांचे भोवरे आणि देवमण (शुभ मानला जाणारा गळ्यावरचा भोवरा) यांचेही तसेच. गिऱ्हाईक त्यावरून भाव वरखाली करते, ठेवण पाहणारा परीक्षक करत नाही.

घोडा नुकताच घेतला असेल आणि तो गडद काळा असेल तर एक साधी परीक्षा करा. पांढरा रुमाल ओला करून कानामागे, आयाळीच्या मुळाशी आणि गुडघ्याच्या मागे जोराने घासा. रुमाल मातकट झाला तर ती धूळ. निळसर-काळा झाला तर ती बाटलीतली करामत, आणि ती रिंगणात घामाबरोबर उतरते.

३. दात आणि उंची स्वतः तपासा

वयाचे गट दातांवर असतात. दुधाचे दात असलेला म्हणजे अदंत, मग दोन दात, चार दात आणि शेवटी पूर्ण दात. समोरच्या दातांतली मधली जोडी सुमारे अडीच वर्षांनी बदलते, तिच्या शेजारची साडेतीनच्या आसपास आणि कडेची साडेचारच्या आसपास. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि मुळाशी आवळलेला दिसतो. पक्का दात रुंद, पिवळसर आणि उभ्या रेषांचा असतो. ओठ उचलून हे घरीच पाहता येते. सगळ्यांत अडचणीचा काळ मधला दात हलू लागतो तो : नावनोंदणीच्या दिवशी अदंत असलेले शिंगरू स्पर्धेच्या दिवशी दोन दातांचे निघू शकते, आणि मग गट बदलतो किंवा नाव बाद होते. शंका असेल तर पशुवैद्यकाकडून लेखी घ्या.

स्वारीच्या गटात तीन वर्षांखालचे जनावर उतरवू नये, कोणी कितीही भरीला घातले तरी. हाडे व सांधे तोवर पुरते भरलेले नसतात.

उंची मान जेथे पाठीला मिळते त्या उंचवट्यावर मोजतात. घोडा सपाट सिमेंटच्या फरशीवर हवा; खळ्यातल्या मऊ जमिनीवर मोजलेली उंची कामाची नाही. बाजारात उंची इंचांत सांगतात, परदेशी पद्धतीच्या कागदांवर ‘हात’ या मापात असते आणि एक हात म्हणजे चार इंच. १५.२ हात ही दशांशातली संख्या नव्हे. ते १५ हात आणि वर २ इंच, म्हणजे ६२ इंच होय. नालेची जाडी वजा करतात की नाही हे संयोजकांना विचारून घ्या, कारण अर्ध्या इंचावरून वाद झालेले मी पाहिले आहेत.

४. हाती धरून दाखवण्याच्या गटासाठी पेहराव

नवख्यासाठी मी हाच गट सुचवतो. यात घोड्यावर बसायचे नसते, पण त्याच्याबरोबर धावायचे असते, आणि पेहरावाची सगळी सूत्रे या धावण्यातून निघतात.

पाय. राजस्थानी मोजड्या छायाचित्रात उत्तम दिसतात, पण वाळूत त्यांची टाच निसटते. पायाला घट्ट बसणारे, नाडीचे, जमीन धरणारे साधे बूट घ्या आणि रंग तपकिरी किंवा काळा ठेवा. घोड्याचा खूर पायावर पडू शकतो, म्हणून बुटाचा पुढचा भाग टणक असावा. विजार चुडीदार किंवा जोधपुरी असावी. धोतराचा काष्टा धावताना सुटतो आणि ढगळ पायजमा वाऱ्यावर फडफडून तरुण घोड्याला बुजवतो. ज्या पद्धतीची विजार आज जगभर घोडेस्वार वापरतात ती मूळची जोधपूरची. १८९७ मध्ये सर प्रतापसिंह आपला पोलोचा संघ घेऊन इंग्लंडला गेले आणि तेथल्या शिंप्यांनी ती उचलली. तेव्हा ती घालताना आपण साहेबी नक्कल करत आहोत असे कोणी वाटून घेऊ नये.

अंगात बंदगळ्याचा कोट किंवा बेताच्या लांबीचा, बाजूला चिरा असलेला कुर्ता. कोट शिवताना शिंप्यापुढे सरळ उभे राहून माप देऊ नका. उजवा हात खांद्याच्या वर उचला आणि मग काखेतली ओढ पाहा. लगामाचा हात घोड्याच्या हनुवटीच्या उंचीला राहतो, आणि काखेत तंग असलेला कोट पहिल्याच झटक्याला उसवतो. खिशात किल्ल्या, मोबाइल, सुटे पैसे काही नको. अंगठ्या काढून ठेवा, कारण दोरी बोटावरून सरकली तर अंगठीसकट बोट सोलून निघते. हातमोजे मात्र जरूर घाला, आणि दोरी हाताला गुंडाळू नका; उरलेली दोरी घड्या घालून मुठीत धरा.

डोक्याला फेटा शोभतो. तो जागेवर बांधून घ्यावा, तयार शिवलेला टोपीसारखा फेटा धावताना उडतो. शेमला, म्हणजे फेट्याचे मागे सोडलेले टोक, वीतभरच ठेवा.

रिंगणात उभे राहायचे ते घोड्याच्या डाव्या खांद्याशी. वळवताना घोडा उजवीकडे, म्हणजे आपल्यापासून दूर वळवावा. त्यामुळे तो पायावर येत नाही आणि परीक्षकालाही त्याची पूर्ण बाजू दिसते. परीक्षक समोर आला की आपण एक पाऊल बाजूला व्हायचे. तळोद्याकडच्या एका वयस्कर मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, रिंगणाबाहेरून आपल्या पुतण्याला हाक मारून सांगितलेले मला आठवते, ‘आपले घोडा दखाडना शे, कपडा नहीत’ (आपल्याला घोडा दाखवायचा आहे, कपडे नाहीत). पुतण्या जरीचा शेला सावरत नेमका घोड्याच्या छातीसमोर उभा होता.

५. स्वारीच्या गटासाठी पेहराव

येथे एका बाबतीत तडजोड नाही. डोक्याला घोडेस्वारीचे हेल्मेट हवे आणि हनुवटीचा पट्टा आवळलेला हवा. मोटारसायकलचे हेल्मेट चालत नाही. ते जड असते, कान झाकते आणि मान वळवू देत नाही. हेल्मेटच्या आत मानकाचा उल्लेख असतो, त्यात एएसटीएम एफ ११६३ किंवा ईएन १३८४ असे काही लिहिलेले आहे का पाहा. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत ड्रेसाज या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारालाही २०२१ पासून उंच टोपीच्या जागी हेल्मेट सक्तीचे झाले. आपल्याकडे फेट्याचा मान मोठा आहे, हे खरे. तो पायी चालताना राखावा आणि रिकिबीत पाय ठेवण्यापूर्वी हेल्मेट चढवावे. घरातल्या मुलाला तट्टावर बसवून रिंगणात फिरवण्याची हौस असेल तर हेल्मेट त्याच्या मापाचेच घ्या. वडिलांच्या हेल्मेटात फडके कोंबून दिलेला आधार पडताना उपयोगी पडत नाही.

बुटांना सुमारे इंचभर टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही, आणि तळ गुळगुळीत हवा. खेळाचे बूट येथे धोक्याचे ठरतात : त्यांच्या तळाच्या खाचा रिकिबीत अडकतात आणि पडलेला स्वार फरफटत जातो. रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंनी बोटभर तरी रुंद असावी. जुन्या देशी खोगिरांच्या रिकिबी अरुंद असतात, तेव्हा बूट घेण्याआधी त्या मोजा.

विजारीची शिवण गुडघ्याच्या आतल्या बाजूला नसावी. हे दुकानात कळत नाही, अर्ध्या तासाच्या स्वारीनंतर कळते. घरी खोगीर लाकडी घोडीवर किंवा भक्कम बाकावर ठेवा, नवी विजार घालून त्यावर बसा आणि थोडा वेळ वर-खाली व्हा. जेथे टोचते तेथे दुसऱ्या दिवशी फोड येणार.

रेवाल चालीच्या गटाला एक वेगळा नियम लावावा. या चालीत घोड्याचे एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ जोडीने पुढे जातात, त्यामुळे पाठ उसळत नाही आणि स्वार खोगिरात स्थिर राहतो; पाण्याने भरलेला पेला हाती धरून एक थेंबही न सांडणे ही तिची जुनी कसोटी. म्हणून स्वाराच्या अंगावर हलणारे काहीच नसावे. लोंबता शेमला, छातीवरची माळ, खांद्यावरचा शेला, ढिला कोट यांपैकी जे काही उडते ते पाहणाऱ्याला घोडाच उसळत असल्याचा भास देते. घट्ट, एकरंगी आणि साधा पेहराव घोड्याची चाल आहे तशी दाखवतो.

मोबाइलवर विलायती स्पर्धा पाहून शेपटीचा काळा कोट किंवा ट्वीडचे जाकीट मागवणारेही भेटतात. इंग्लंडमध्ये शिकारी घोड्यांच्या गटात ट्वीडचे जाकीट आणि साधा, रुंद चामड्याचा साज असतो, तर नाजूक हॅक घोड्यांच्या गटात कपाळपट्टीला रंगीत मखमल चालते. म्हणजे तेथेही कपडे घोड्याच्या प्रकारावरूनच ठरतात. त्यांचे सूत्र घ्या, ट्वीड राहू द्या.

सकाळी तापीकाठी थंडी बोचरी असते आणि दुपारी ऊन चटका देते. शाल पांघरून घोड्यावर बसू नका. कोटाच्या आत अंगाला चिकटून बसणारे गरम बनियन घाला, ते गटाच्या वेळेआधी काढता येते.

६. रंगाची निवड

पांढऱ्या नुकऱ्याशेजारी पांढरा कुर्ता घातलेला माणूस उभा राहिला की घोड्याची मान कोठे संपते हेच दुरून कळत नाही. नुकऱ्याला गडद मरून, गडद निळा किंवा बाटलीसारखा हिरवा शोभतो. मुश्कीला मलई किंवा फिकट बदामी रंग उठाव देतो. कुमैतासोबत बहुतेक सगळे चालते, फक्त त्याच्याच अंगाचा तपकिरी टाळावा. अबलखाजवळ नक्षीचे, फुलांचे, पट्ट्यांचे कापड नको. दोन नक्ष्या एकमेकींत मिसळतात. फेटा आणि घोड्याची मोरकी (तोंडाभोवती बांधायचा पट्टा) एका रंगाची ठेवली तर तेवढे नटणे पुरे.

७. घोड्याचा साज आणि सजावट

ठेवणीच्या गटात साज जितका कमी तितका बरा. स्वच्छ चामड्याची किंवा सुताची मोरकी, बस. गोंडे, कवड्या, घुंगरू, झूल हे नाचाच्या गटासाठी राखून ठेवा.

काटेरी कडियाळे, म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात राहणारा भाग, वापरू नका. काटे किंवा टोके असलेले लगाम-कडियाळे वापरण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, आणि जाणता परीक्षक घोड्याचे तोंड उघडून पाहतोच. जिभेवरची जुनी जखम लपत नाही.

आयाळ देशी घोड्याला मोकळी आणि विंचरलेली ठेवावी. डोळ्यांभोवतीचे व नाकावरचे लांब राठ केस कापू नयेत, कारण घोडा त्यांनी जवळच्या वस्तूंचा अंदाज घेतो. आंतरराष्ट्रीय महासंघानेही हे केस कापण्यास २०२१ पासून बंदी केली आहे. अंगाला तेल चोपडू नका. तात्पुरती चमक येते, पण यात्रेतली धूळ त्यावर तासाभरात बसते. चमक यायची ती महिनाभर रोज केलेल्या खराऱ्याने येते.

८. कागदपत्रे

या कामाला सुरुवात किमान महिनाभर आधी करा.

– ग्लँडर्स चाचणीचा निर्दोष अहवाल. हा जीवाणूजन्य रोग माणसालाही होतो. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यकाकडून घ्यावा लागतो. देशातील मुख्य तपासणी हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, त्यामुळे अहवालाला वेळ लागतो.
– पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र. ते वाहतुकीच्या वेळी वाटेतही दाखवावे लागते.
– घोड्याची ओळख पटवणारा कागद : जातीच्या संस्थेकडे नोंद असल्यास तिचा दाखला आणि मायक्रोचिपचा क्रमांक, नसल्यास दोन्ही बाजूंची छायाचित्रे व खुणांची नोंद.
– खरेदीची पावती, मालकाचे आधार कार्ड आणि घोडा दुसरा कोणी दाखवणार असल्यास त्याच्या नावाचे संमतिपत्र.
– धनुर्वाताच्या लशीची नोंद. घोड्याची तर हवीच, आपलीही असू द्या.

मूळ कागद घरी आणि प्रती सोबत, ही सवय येथे उलटी करावी. तपासनाक्यावर प्रतीवर विश्वास ठेवला जात नाही.

९. आदला दिवस आणि प्रत्यक्ष दिवस

आदल्या दिवशी घोड्याला रिंगणाभोवती पूर्ण पेहरावात फिरवा. घोडा तुम्हाला रोज लुंगी-बनियनमध्ये पाहतो. अचानक फेटा, कोट आणि पाठीवर क्रमांकाचा कागद लावलेला माणूस समोर आला तर तो बिचकतो. क्रमांकाचा कागद चारी कोपऱ्यांना टाके घालून पक्का करा, सेफ्टी पिन सुटते. बाजाराच्या दिवशी गर्दीतून, भोंग्यांच्या आवाजातून घोडा न्यावा लागतो, म्हणून वाट आधीच पाहून ठेवा आणि पाण्याची बादली घरची न्या.

गट संपल्यावर परीक्षक मोकळे असतील तर नम्रपणे विचारा की, घोड्यात काय कमी पडले. सांगणारे सविस्तर सांगतात. निकालावर मात्र तेथे वाद घालू नये. रिंगणातून बाहेर येताच पाच-सहा जण ‘भाऊ, देणार का?’ म्हणून दोरीला हात घालतील. त्या वेळी दोरी दुसऱ्याच्या हाती देऊ नका आणि दात पाहू द्यायचे असतील तर मोतद्दाराला जवळ ठेवा.

घरी परतल्यावर घोडा लगेच इतरांच्या दावणीला बांधू नका. दोन आठवडे वेगळा बांधा, त्याची बादली, खरारा आणि खोगिराखालचा नमदा वेगळा ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. निरोगी घोड्याचे तापमान ९९.५ ते १०१.५ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असते. त्याच्या वर गेले, नाकातून घट्ट स्राव आला किंवा जबड्याखाली गाठ लागली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.